हप्ता का उतरला नाही? (स्थूल अर्थशास्त्र वाचायचे कसे, याविषयी)

भायखळ्याचा_वाचक
सोमवार, २१ जुलै २०२५, रात्री १०.१२

बॅलार्ड इस्टेटमधील एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत मी हिशेब पाहतो. दुपारी चहासाठी आम्ही ज्या टपरीपाशी उभे राहतो, तेथून रिझर्व्ह बँकेची उंच इमारत दिसते आणि गेले काही महिने तिच्याकडे नजर गेली की मला माझ्या गृहकर्जाचा हप्ता आठवतो. रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो रेपो दर फेब्रुवारीत साडेसहावरून सव्वासहा टक्के झाला, एप्रिलमध्ये सहा, आणि ६ जूनला एकदम साडेपाच. चार महिन्यांत पूर्ण एक टक्का उतरला. २०१७ मध्ये घेतलेल्या माझ्या कर्जाचे अजून तीस लाख बाकी आहेत, बारा वर्षे शिल्लक आहेत आणि हप्ता मात्र एका रुपयाने हललेला नाही. शाखेत जाऊन विचारले, तेव्हा खिडकीवरच्या मुलाने पडद्यावरची नजर न उचलता "सिस्टीममध्ये आपोआप होतं, काका" एवढेच सांगितले. त्याचा राग आला, पण त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण आयुष्यभर आकडे मांडूनही पुढचा प्रश्न कोणता विचारावा हे मला सुचले नाही.

तेव्हापासून वाचायला घेतले आहे. फाउंटनच्या पदपथावरून एका जाडजूड अमेरिकी पाठ्यपुस्तकाची जुनी आवृत्ती आणली. पहिली ऐंशी-नव्वद पाने उत्साहाने वाचली, मग एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेषा आल्या आणि तेथेच गाडी थांबली, ती तीन आठवडे हलली नाही. गुलाबी रंगाचे वर्तमानपत्र लोकलमध्ये रोज वाचतो. त्यातून बातमी कळते, पण बातमीच्या मागचे यंत्र कळत नाही. दूरचित्रवाणीवरील चर्चांबद्दल न बोललेले बरे.

तर जाणकारांना विनंती अशी की पदवी मिळवायची नसलेल्या, पण समजून घेण्याची खरी इच्छा असलेल्या माणसाने काय वाचावे, कोणत्या क्रमाने वाचावे आणि मराठीत काही आहे का, हे कृपया सांगावे. मी लोकलने येतो-जातो, त्यामुळे वाचायला रोज तासभर मिळतो.

पार्ल्याच्या_बाई
सोमवार, २१ जुलै २०२५, रात्री ११.३५

धागा आवडला. मी बावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवते, त्यामुळे आधी थोडी कुरकुर करून घेते. आपल्याकडे या विषयाला बारावीच्या पुस्तकात "स्थूल अर्थशास्त्र" म्हणतात, विद्यापीठात गेले की तेच "समग्रलक्षी" होते आणि स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांत "समष्टी". विद्यार्थ्याला वाटते की हे तीन वेगळे विषय आहेत. म्हणून मराठीतून वाचताना पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर अशा जोड्या लिहीत जाव्यात.

तुमचे जाड पुस्तक फेकून देऊ नका, पण ते शब्दकोशासारखे वापरा. शब्दकोश कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. सुरुवातीला बालभारतीचे बारावीचे अर्थशास्त्राचे पुस्तक घ्या. ते संकेतस्थळावर फुकट मिळते आणि मराठीत आहे. तुम्ही हिशेबनीस आहात, म्हणून सांगते, की त्यातले राष्ट्रीय उत्पन्नाचे प्रकरण आधी वाचा. स्थूल अर्थशास्त्राचा अर्धा भाग म्हणजे जमाखर्चच आहे आणि दूरचित्रवाणीवरच्या बहुतेक चुका तेथेच होतात.

एकच उदाहरण देते. जीडीपी म्हणजे उपभोग अधिक गुंतवणूक अधिक सरकारी खर्च अधिक निर्यात उणे आयात, हे सूत्र सगळ्यांना पाठ असते. त्यातल्या "उणे" या शब्दावरून, आयात केली की देशाचे उत्पादन घटते, असा अर्थ सुशिक्षित माणसेही काढतात. आता लोहार चाळीतल्या एका दुकानदाराने परदेशी मिक्सर ८०० रुपयांना आयात केला आणि मला १,००० रुपयांना विकला असे धरा. माझ्या खरेदीमुळे उपभोगाच्या रकान्यात १,००० आले, आयातीच्या रकान्यातून ८०० वजा झाले, उरले २०० रुपये. ते २०० म्हणजे त्या दुकानदाराची, त्याच्या नोकराची आणि हातगाडीवाल्याची येथे झालेली कमाई आहे. परदेशात बनलेले ८०० रुपये उपभोगात चुकून मोजले गेले होते, ते काढून टाकले, इतकाच त्या "उणे"चा अर्थ आहे. आयातीने काहीही घटले नाही. हे एकदा हाताने मांडून पाहिले की व्यापारतुटीवरचे निम्मे अग्रलेख वेगळे दिसू लागतात.

तिसरा_मजला
मंगळवार, २२ जुलै २०२५, सकाळी ८.०५

क्षमा करा, पण २००८ चे अरिष्ट दारात येऊन उभे राहिले तरी ज्यांना त्याचा पत्ता लागला नाही, त्यांची पुस्तके वाचून आपल्याला काय मिळणार? दोन अर्थतज्ज्ञ कधी एका मतावर येत नाहीत. हप्त्यासाठी बँकेत तक्रार करा आणि लोकलमध्ये झोप घ्या.

निवृत्त_रोखपाल
मंगळवार, २२ जुलै २०२५, दुपारी १.५०

मी एका सरकारी बँकेतून निवृत्त झालो असून त्यातली अकरा वर्षे फोर्टमधल्याच एका शाखेत होतो. धागाकर्त्यांच्या हप्त्याबद्दल आधी बोलतो, कारण त्यांचे वाचन त्या एका प्रश्नातून सुरू झाले आहे आणि माझ्या मते ते तसेच चालू राहिले पाहिजे.

रेपो दर म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून अगदी थोड्या मुदतीसाठी रोख्यांच्या तारणावर पैसे मिळतात त्याचा दर. तो उतरला म्हणजे तुमचा दर उतरलाच, असे नाही. मधल्या नळाची लांबी तुमच्या करारावर ठरते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली नवी फिरत्या दराची गृहकर्जे बाह्य निकषाला, बहुधा रेपोलाच, बांधलेली आहेत आणि त्यांचा दर तीन महिन्यांतून निदान एकदा फिरवावा लागतो. त्याआधी, एप्रिल २०१६ पासूनची कर्जे बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावर आधारलेल्या दराला बांधलेली असत. त्या दराला आम्ही शाखेत "एमसीएलआर" म्हणत असू. त्यात ठेवींवर आम्ही काय व्याज देतो हे मोजले जाते, आणि जुन्या मुदतठेवी जुन्याच दराने चालू असतात, म्हणून तो दर सावकाश उतरतो. शिवाय बहुतेक करारांत तो वर्षातून एकदाच लागू होतो. तुमचे कर्ज २०१७ चे आहे. करारपत्रात "रिसेट" हा शब्द शोधा आणि त्यापुढची तारीख पाहा. तीस लाख, बारा वर्षे, नऊ टक्क्यांऐवजी आठ असे धरले तर महिन्याला सोळाशे ते सतराशे रुपयांचा फरक आहे, म्हणजे शोधण्याजोगा आहे. आणखी एक गोष्ट पाहून ठेवा: दर उतरल्यावर हप्ता तोच ठेवून मुदत कमी केलेली असू शकते. ग्राहकाला वाटते काहीच झाले नाही, आणि खातेउताऱ्यात मात्र आठ-दहा महिने गळालेले असतात.

रेपोतला बदल असा कर्जदारापर्यंत पोहोचण्याला शास्त्रात धोरणाचे "संक्रमण" म्हणतात आणि त्यावर ग्रंथ लिहिलेले आहेत. तुम्ही त्याच्या मधोमध उभे आहात.

आता तिसरा_मजला यांच्या आक्षेपाबद्दल. अर्थतज्ज्ञांचे एकमत नसते हे खरे आहे, पण ते मतभेद तपशिलाने, नावानिशी आणि फुकट वाचायला मिळतात, हे किती जणांना ठाऊक आहे? व्याजदर सहा जणांची पतधोरण समिती ठरवते. कायद्यानेच तिच्यावर बंधन आहे की बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध करायचे, आणि त्यात प्रत्येक सदस्याचे मत व त्यामागची कारणे द्यायची. जूनच्या बैठकीचे इतिवृत्त २० जूनला आले. पाच जणांनी अर्धा टक्का कपातीला मत दिले आणि सौगत भट्टाचार्य यांनी पाव टक्क्याला. समोर तीच आकडेवारी, तीच महागाई, तीच वाढ, आणि तरी सहावा माणूस वेगळे का म्हणतो, हे शोधत ते इतिवृत्त वाचावे. मला तरी कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्यातून जास्त शिकायला मिळाले.

वाचण्याची माझी रीत सांगतो. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे "झाले ते", उजवीकडे "होईल असे वाटते ते". पतधोरणाच्या निवेदनातले प्रत्येक महत्त्वाचे वाक्य या दोहोंपैकी एका बाजूला लिहायचे. पहिल्या वेळी दोन तास लागतात, चौथ्या वेळी चाळीस मिनिटे. मग दोन महिन्यांनी पुढचे निवेदन आले की जुन्या पानाची उजवी बाजू नव्या पानाच्या डाव्या बाजूशी ताडून पाहायची. दोन वर्षे हे केले की कोण कशात चुकते, आणि कोणत्या बाजूने चुकते, याचा तुम्हाला स्वतःचा अंदाज येतो. जूनच्या पानावर माझ्याकडे लाल शाईत एक ओळ आहे: दर कापला, रोख राखीव प्रमाण (ठेवींपैकी बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा हिस्सा) चारवरून तीन टक्के करण्याचे जाहीर केले, तेही सप्टेंबर ते नोव्हेंबर चार टप्प्यांत, आणि त्याच दिवशी धोरणाचा पवित्रा मात्र उदारवरून तटस्थ केला. म्हणजे हाताने दिले आणि तोंडाने "आता फार अपेक्षा ठेवू नका" म्हटले. बातमीत पहिला भाग मथळ्यात होता, दुसरा सातव्या परिच्छेदात.

भायखळ्याचा_वाचक
मंगळवार, २२ जुलै २०२५, रात्री ९.४०

मनःपूर्वक आभार. करारपत्र सासुरवाडीच्या कपाटात आहे, रविवारी आणतो. मिक्सरचे उदाहरण आज कचेरीत दोघांना सांगितले, त्यातल्या एकाने अजून मान्य केलेले नाही.

आणखी एक विचारतो. जूनची महागाई २.१ टक्के आली असे वाचून घरी सांगितले, तर पत्नी मोठ्याने हसली. "कुठल्या बाजारात?" असे तिने विचारले आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. हा आकडा खोटा आहे का?

भाजीगल्ली_ग्रँटरोड
बुधवार, २३ जुलै २०२५, सकाळी ११.२०

आकडा खोटा नाही आणि वहिनींचे हसणेही खोटे नाही. मी गेली नऊ वर्षे घरखर्चाची वही ठेवते. आधी ती केवळ काटकसरीसाठी होती, नंतर सरकारी निर्देशांकाशी ताडून पाहण्याचा नाद लागला. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

जून २०२४ मध्ये भाज्यांची महागाई आदल्या वर्षीच्या जूनच्या तुलनेत सुमारे २९ टक्के होती. यंदाच्या जूनमध्ये तीच उणे १९ टक्के आली. ऐकताना वाटते की एकोणतीस चढले, एकोणीस उतरले, म्हणजे दहा टक्के उरले. हिशेब करून पाहा. जून २०२३ मध्ये भाजीच्या पिशवीला १०० रुपये पडत असतील तर जून २०२४ मध्ये १२९ पडले. आता १२९ चे १९ टक्के म्हणजे साडेचोवीस, ते वजा केले की १०४ रुपये आणि काही पैसे. दोन वर्षांत भाजी चार-पाच टक्क्यांनीच महागली! तुम्ही ज्या वर्षाशी तुलना करता ते वर्ष कसे होते यावर महागाईचा दर केवढा अवलंबून असतो, हे यातून दिसते. बातमीत याला "पायाचा परिणाम" म्हणतात आणि पुढच्या वाक्याकडे वळतात.

मग वहिनी का हसल्या? एक तर महागाई २.१ टक्के झाली याचा अर्थ भाव उतरले असा नसून भाव चढण्याचा वेग उतरला, असा आहे. गेल्या चार-पाच वर्षांत जे चढले ते तसेच वर बसलेले आहे आणि आपली आठवण त्या जुन्या भावांशी तुलना करते. दुसरे असे की निर्देशांकाची टोपली सरासरी भारतीय कुटुंबाची आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत अन्न आणि पेये यांना एकूण भार ४५.८६ आहे, ग्रामीण निर्देशांकात तो ५४ च्या वर जातो आणि शहरी निर्देशांकात ३६ च्या आसपास राहतो. त्या मालिकेत घरभाडे केवळ शहरी निर्देशांकात आहे. म्हणून यंदा धान्य-भाजी स्वस्त झाल्याचा लाभ आकड्याला भरपूर झाला, पण ज्या घरात शाळेची फी, औषधे आणि वाहतूक यांवरच पगार सरतो त्या घराला तितका झाला नाही. माझ्या वहीत यंदाच्या जूनमध्ये सगळा खर्च मिळून साधारण पाच टक्के वाढ दिसते.

आणि धागाकर्त्यांसाठी खास एक गंमत: तुमचा गृहकर्जाचा हप्ता या निर्देशांकात मोजलाच जात नाही. घर विकत घेणे हा उपभोग नव्हे, ती गुंतवणूक समजली जाते. म्हणजे तुमच्या घरातला सर्वांत मोठा खर्च महागाईच्या हिशेबाबाहेर उभा आहे.

वाचायला काय, असे विचाराल तर दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास सांख्यिकी मंत्रालयाचे प्रसिद्धिपत्रक निघते ते वाचा, मथळा सोडून थेट मागच्या तक्त्यांवर जा, आणि स्वतःची वही ठेवा. वहीशिवाय तक्ते वाचले तर झोप येते.

तिसरा_मजला
बुधवार, २३ जुलै २०२५, दुपारी १२.०२

भाजीचा हिशेब पटला. इतिवृत्ताचे मात्र अजून ठरवलेले नाही.

चर्नीरोड
बुधवार, २३ जुलै २०२५, रात्री ११.१५

येथवरची चर्चा उत्तम आहे, परंतु सगळे आजचेच चालले आहे. मुंबईत राहून या विषयावर वाचायचे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयावरचा प्रबंध वाचायचा नाही, हे मला पटत नाही. बाबासाहेब येथल्याच सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत होते, तेथून ते लंडनला परत गेले आणि १९२३ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाच्या समग्र लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात तो आहे. चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथभांडारात मी तो घेतला तेव्हा खंड इतका जड होता की घरी येईपर्यंत पिशवीचा बंद तुटला. किंमत मात्र अशी की फाउंटनवरच्या जुन्या पुस्तकापेक्षाही स्वस्त पडली. भाषा इंग्रजी आहे, तिला इलाज नाही.

ग्रंथाचा गाभा सांगतो. एकोणिसाव्या शतकात रुपया चांदीचा होता आणि इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७३ नंतर जगात चांदी घसरत गेली तसा रुपयाही घसरला, आणि लंडनला सोन्यात पाठवायच्या देण्यांचा बोजा सरकारला झेपेना. १८९३ मध्ये टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या, म्हणजे चांदी घेऊन जा आणि रुपये पाडून घ्या ही सोय संपली. पुढे रुपया १६ पेन्सला बांधला गेला. या व्यवस्थेला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात आणि ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सने १९१३ च्या आपल्या पुस्तकात तिची वाखाणणी केली होती. बाबासाहेबांनी नेमका तिच्यावरच हल्ला केला. त्यांचा मुद्दा असा की लोकांसाठी टांकसाळ बंद आहे, पण सरकारसाठी उघडी आहे. सरकार हवे तितके रुपये पाडू शकते आणि त्याला रोखणारे काही नाही. विनिमयदर स्थिर दिसतो, पण देशातल्या देशात रुपयाची खरेदीशक्ती घसरते आणि त्याचा फटका मजुरी व पगारावर जगणाऱ्याला बसतो. त्यांचा उपाय सोपा आणि कठोर होता, की टांकसाळ सरकारसाठीही बंद करा आणि रुपयांच्या संख्येला मर्यादा घाला.

आज ज्याला आपण महागाईचे लक्ष्य म्हणतो, चार टक्के आणि दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांची मोकळीक, तो प्रश्न शंभर वर्षांपूर्वी वेगळ्या शब्दांत मांडलेला येथे सापडतो. नाणे पाडणाऱ्याचा हात कोणी आणि कशाने धरायचा?

ग्रंथाला त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि तीत ते मोकळेपणाने सांगतात की लेखकाचे बहुतेक युक्तिवाद मला मान्य नाहीत. असहमतीची प्रस्तावना लिहिणारा गुरू आणि ती जशीच्या तशी छापणारा शिष्य. आपल्याकडच्या प्रस्तावना आठवून पाहा.

एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण कोणी ना कोणी ते लिहीलच. "रिझर्व्ह बँक या ग्रंथावरून स्थापन झाली" असे समाजमाध्यमांवर फिरते. नोंदीत आहे ते इतके की १९२५ मध्ये बाबासाहेबांनी भारतीय चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. माझ्या दृष्टीने यातच पुरेसा मोठेपणा आहे, त्याला आणखी मुलामा देण्याची गरज नाही.

पार्ल्याच्या_बाई
गुरुवार, २४ जुलै २०२५, सकाळी ७.१०

चर्नीरोड यांच्या प्रतिसादाबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोध नोंदवते. हा ग्रंथ थोर आहे, पण सुरुवातीला नको. पैशाचे परिमाण वाढले की भाव का वाढतात आणि कधी वाढत नाहीत, विनिमयदर आणि भावपातळी यांचा संबंध काय, हे दोन धडे आधी झाले नसतील तर वाचक विशेषणे लक्षात ठेवतो आणि युक्तिवाद सोडून देतो. असे वाचक मी वर्गात दरवर्षी पाहते. त्यांना बाबासाहेबांविषयी अभिमान असतो आणि सुवर्ण परिमाण व सुवर्ण विनिमय परिमाण यांतला फरक विचारला की ते खिडकीबाहेर पाहू लागतात.

इतिहासातूनच जायचे असेल तर गोपाळ कृष्ण गोखल्यांचे १९०२ चे अर्थसंकल्पावरचे भाषण आधी घ्या. ते छोटे आहे आणि हिशेबनिसाला आवडेल असे आहे. सरकार शिलकी अर्थसंकल्प मांडून समृद्धीचे दाखले देत होते. गोखल्यांनी आकडे उलगडून दाखवले की ही शिल्लक देश संपन्न झाल्यामुळे आलेली नाही. रुपया घसरत होता तेव्हा लंडनची देणी भागवायला कर वाढवले होते, पुढे रुपया सावरला आणि तीच देणी कमी रुपयांत भागू लागली, पण वाढवलेले कर मात्र खाली आणले नाहीत. म्हणजे शिल्लक चलनातून आली होती, आणि दुष्काळाने पिचलेला रयत ती भरत होता. अर्थसंकल्प वाचावा कसा, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

ते वाचून झाले की यंदाचा केंद्रीय अर्थसंकल्प काढा. सगळे खंड नकोत, "एका दृष्टिक्षेपात" ही थोड्या पानांची पुस्तिका पुरे. २०२५-२६ साठी राजकोषीय तूट, म्हणजे सरकारने कर्ज काढून भागवायचा खर्च, सुमारे १५.६९ लाख कोटी रुपये, जीडीपीच्या ४.४ टक्के, दाखवली आहे. त्याच पुस्तिकेत व्याजापोटी द्यायची रक्कम पाहा, ती सुमारे १२.७६ लाख कोटी आहे. वजाबाकी करा. उरतात तीन लाख कोटींपेक्षा थोडे कमी, म्हणजे यंदाच्या कर्जातला फार मोठा भाग जुन्या कर्जाच्या व्याजाइतका आहे. या उरलेल्या रकमेला प्राथमिक तूट म्हणतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षा ही वजाबाकी स्वतः एकदा करावी.

मराठीत मूळ कागद वाचायचा असेल तर राज्य सरकारची "महाराष्ट्राची आर्थिक पाहणी" दरवर्षी मार्चमध्ये, अर्थसंकल्पाच्या आधी निघते. ती मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असते, त्यामुळे परिभाषेच्या जोड्या जुळवायला तिच्यासारखे साधन नाही. शिवाय पुण्याच्या भारतीय अर्थविज्ञानवर्धिनीची "अर्थबोधपत्रिका" आहे. तीत साध्या मराठीत गंभीर लेख येतात.

चर्नीरोड
गुरुवार, २४ जुलै २०२५, रात्री १०.३०

गोखले आधी, बाबासाहेब नंतर, हे मान्य. पण नंतर म्हणजे नक्की नंतर, "कधीतरी" नव्हे.

भायखळ्याचा_वाचक
सोमवार, २८ जुलै २०२५, रात्री १०.५०

करारपत्र मिळाले. अठराव्या पानावर, ज्या पानावर मी २०१७ मध्ये न वाचता सही केली होती, तेथे सगळे लिहिलेले आहे. कर्ज एमसीएलआरला बांधलेले आहे आणि दर वर्षातून एकदा, १४ ऑक्टोबरला बदलतो. म्हणजे गेल्या ऑक्टोबरात, रेपो साडेसहावर असताना ठरलेला दर मी अजून भरतो आहे. फेब्रुवारी, एप्रिल आणि जून या तिन्ही कपाती माझ्या दाराबाहेर रांगेत उभ्या आहेत आणि त्यांना ऑक्टोबरपर्यंत आत येता येत नाही. खिडकीवरचा मुलगा खोटे बोलला नव्हता. सिस्टीममध्ये आपोआपच होते, फक्त तारीख त्याने सांगितली नाही.

जूनचे इतिवृत्त दोन दिवसांत वाचले, मधोमध रेघ मारून. "संक्रमण" हा शब्द आला तेथे माझे अठरावे पान डोळ्यांसमोर आले आणि तो परिच्छेद एका दमात कळला. सहाव्या सदस्याचे म्हणणे दोनदा वाचले. ते मला पटले की नाही हे अजून सांगता येत नाही, पण बाकी पाच जणांचे मुद्दे त्यांच्यामुळे जास्त लक्षपूर्वक वाचले गेले. बालभारतीचे पुस्तक राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रकरणापर्यंत आले आहे. पत्नीने वही सुरू केली आहे आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत "हप्ता" लिहिले आहे.

आता प्रश्न असा की काही रक्कम भरून कर्ज रेपोशी बांधून घेता येते असे शाखेत समजले. घ्यावे का?

निवृत्त_रोखपाल
मंगळवार, २९ जुलै २०२५, सकाळी ९.१५

घाई करू नका. रेपोशी बांधलेल्या कर्जाचा दर म्हणजे रेपो अधिक बँकेचा वरचा भाग, आणि तो वरचा भाग किती हे लेखी घेतल्याशिवाय तुलना होत नाही. रेपो साडेपाच असला तरी वर तीन टक्के लावले तर साडेआठच होतात. शिवाय हा नळ दोन्ही बाजूंनी वाहतो. मे २०२२ मध्ये ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता रेपो चारवरून ४.४० केला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर नेला. त्या नऊ महिन्यांत ज्यांची कर्जे रेपोला बांधलेली होती त्यांचे दर भराभर चढले, आणि तुमचे तेव्हा याच अठराव्या पानामुळे उशिरा चढले. तेव्हा तुम्ही शाखेत तक्रार घेऊन गेला नसाल.

बदलाचे शुल्क, वरचा भाग आणि ऑक्टोबरात आपोआप मिळणारी कपात, हे तीन आकडे एका कागदावर मांडा. पुढची बैठक ४ ते ६ ऑगस्टला आहे. बुधवारी सकाळी दहा वाजता निवेदन येईल. ते वाचून, उजवा रकाना भरून, मग शाखेत जा. जाताना करारपत्राची प्रत बरोबर न्या आणि अठराव्या पानाला खूण करून ठेवा.